कात्रणांची वही आणि दादांचा निरोप

वाचकाचे पत्र, थोडक्यात

नाशिक रोडला राहणारे, वीज मंडळातून निवृत्त झालेले 68 वर्षांचे एक वाचक लिहितात की, ते अकरा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना ‘राम और श्याम’ दाखवला आणि त्या दिवसापासून दिलीपकुमार हे त्यांच्यासाठी घरातलेच माणूस झाले. शाळेत असल्यापासून वर्तमानपत्रांतली आणि मासिकांतली कात्रणे त्यांनी खळ लावून हिशेबाच्या एका जाड वहीत चिकटवली. ती वही आजही लोखंडी ट्रंकेत आहे. 1982 च्या दिवाळीत फराळाला बसलेले असताना थोरल्या भावाने दिलीपकुमारांच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. पत्रलेखकांनी, ‘हे सगळे मासिकवाल्यांनी रचलेले आहे आणि तुलाही तेच वाचायला आवडते,’ असे सर्वांसमक्ष सुनावले. ‘परक्या माणसासाठी घरच्याला खोटे पाडतोस,’ एवढेच म्हणून भाऊ ताटावरून उठला. त्यानंतर दोन वर्षे अबोला होता, आणि पुढे बोलणे सुरू झाले तेही लग्नकार्यापुरते आणि दुखवट्यापुरते.

मुलीने वाढदिवसाला दिलेले दिलीपकुमारांचे आत्मचरित्र कित्येक वर्षे कपाटात पडून होते. ते या पावसाळ्यात त्यांनी वाचायला घेतले, आणि पुस्तक संपत आले असताना त्या दुसऱ्या लग्नाच्या मजकुरापाशी मिटून ठेवले. ‘ज्या गोष्टीसाठी मी सख्खा भाऊ तोडला, ती या माणसाने चूक म्हणून थोडक्यात उरकली आणि पुढे गेला,’ असे ते लिहितात. आता भाऊ 74 वर्षांचे आहेत, पुण्यात असतात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरातच आहेत. पुतणीकडून पुस्तकाचे समजल्यावर त्यांनी निरोप धाडला आहे, ‘वाचून झाले की मला पाठव.’ पत्रलेखकांचे प्रश्न तीन आहेत: पुस्तक पुढे वाचावे का, कात्रणांची वही रद्दीत घालावी का, आणि दादांना काय सांगावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र पाच पानांचे आहे आणि अक्षर इतके नेटके आहे की, वहीतली कात्रणेही रेघ सुटू न देता चिकटवलेली असणार, असे मला वाटून गेले. प्रश्नांच्या क्रमाने मी जाणार नाही, कारण तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी काही गृहीतके आहेत आणि आधी ती तपासली पाहिजेत.

त्यातले पहिले गृहीतक असे की, आत्मचरित्र म्हणजे आयुष्याचा चोख जमाखर्च, आणि चाहता या नात्याने तो तपासून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. हे पुस्तक 2014 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दिलीपकुमार 91 वर्षांचे होते. ते त्यांनी बैठक मारून स्वतःच्या हाताने लिहिलेले नाही. त्यांनी सांगितले, उदयतारा नायर यांनी शब्दांकन केले आणि प्रस्तावना सायराबानूंनी लिहिली. शब्दांकनाच्या पुस्तकात सांगणारा एक असतो आणि लिहिणारा दुसरा, हे आपल्याला माहीत असते. पण सांगताना खोलीत आणखी कोण कोण आहे, प्रत्यक्ष नसले तरी मनात कोण आहे, याचा विचार वाचताना आपण फारसा करत नाही. ज्या पत्नीशी संसार चालू असताना ते दुसरे लग्न झाले, तिचीच प्रस्तावना असलेल्या पुस्तकात नव्वदी गाठलेला नवरा त्या विषयावर किती बोलेल? ती आपली मोठी चूक होती आणि आपण दोघांनी तो प्रसंग विस्मृतीत ढकलला आहे, असे ते म्हणतात. मला तो मजकूर वाचताना असे वाटले की, तो तुम्हाआम्हाला उद्देशून नाहीच, घरातल्या माणसाला उद्देशून आहे.

दिलीपकुमारांनी खरोखर साक्ष दिली होती, पण ती वेगळ्या प्रसंगी. ‘नया दौर’च्या वेळी मधुबालेच्या वडिलांनी तिला बाहेरगावी चित्रीकरणाला पाठवण्यास नकार दिला, निर्माते-दिग्दर्शक बी. आर. चोप्रांनी तिच्या जागी वैजयंतीमालाला घेतले, प्रकरण न्यायालयात गेले आणि तिथे दिलीपकुमार चोप्रांच्या बाजूने उभे राहिले. तिथे उलटतपासणी होती. पुस्तकात उलटतपासणी घेणारा कुणी नसतो, म्हणून ती वाचकाने आपल्यापुरती मनात घ्यावी. कुठे सविस्तर बोलले आहे, कुठे आवरते घेतले आहे, कुणाला बोलू दिले आहे आणि कुणाला अजिबात नाही, हे पाहावे. त्या मजकुराकडे या नजरेने पाहिले तर तुम्हाला खटकली त्याहून मोठी एक गोष्ट मला खटकते. ते लग्न आपण दडपणाखाली केले, असे ते म्हणतात, आणि जिच्याशी केले ती स्त्री पुस्तकात केवळ त्यांच्या शब्दांतून येते. तिची बाजू तिथे नाही. तुमची फसवणूक झाली, असे तुम्ही पत्रात चार वेळा लिहिले आहे. तिचा उल्लेख मात्र तुम्ही एकदाही केलेला नाही. हे टोचायला म्हणून लिहीत नाही. चाहता असलो की गोष्टीतली बाकीची माणसे आपल्याला धूसर दिसू लागतात, आणि हे माझ्याही बाबतीत घडलेले आहे.

दुसरे गृहीतक असे की, जो थोडक्यात सांगतो तो अप्रामाणिक आणि जो सगळे उघडे करतो तो प्रामाणिक. आपल्या मराठीतच याचे दुसरे टोक आहे. अभिनेत्री हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन 1970 मध्ये आले, आणि ज्या चित्रपटाचे नाव त्याला दिले होते तो 1959 चा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे चाललेला होता. त्या बाईंनी काही म्हणजे काही हातचे राखले नाही: वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी घर चालवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभे राहणे, संसारातली फरपट, दारू, मराठवाड्यातल्या एका वाड्यात तिसरी बायको म्हणून काढलेली वर्षे. पुढे त्यावरून ‘भूमिका’ हा चित्रपट निघाला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण ते सगळे 1977 आणि त्यानंतरचे. हंसाबाई 1971 मध्येच गेल्या होत्या. आमच्या घरी ते पुस्तक आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, वर्तमानपत्राचे कव्हर घालून ठेवलेले असे आणि कव्हरवर तिने ‘पाककृती’ असे लिहिले होते. आई ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटापासूनची त्यांची चाहती. मी मोठी झाल्यावर तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘बाईने सगळे सांगितले आणि आपण काय केले, तर ते लपवून ठेवले.’ म्हणजे दिलीपकुमारांनी कमी सांगितले म्हणून तुम्ही पुस्तक मिटले आणि हंसाबाईंनी जास्त सांगितले म्हणून माझ्या आईने ते झाकले. आम्हा वाचकांना नेमके किती हवे असते, याचे माप आमच्यापाशीही नाही.

शिवाय सगळे सांगणे नेहमीच धीराचे काम असते असेही नाही, कारण आयुष्य एकट्याचे नसते. नवाझुद्दीन सिद्दीकी यांचे आत्मचरित्र 2017 मध्ये बाजारात येता येताच मागे घ्यावे लागले, ते त्यात ज्या स्त्रियांविषयी त्यांनी मोकळेपणाने लिहिले होते त्यांनी हरकत घेतल्यामुळे. दिलीपकुमारांच्या आखडत्या हातामागे संकोच होता, भीती होती, पत्नीची कदर होती की स्वतःची प्रतिमा जपण्याची सवय होती, हे तुम्हाला किंवा मला ठरवता येणार नाही. या चारही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात, एवढे मात्र या वयात आपण दोघेही जाणतो.

आता फसवणुकीबद्दल. तुमच्याशी दिलीपकुमारांचा व्यवहार नेमका कशाचा होता? ‘कोहिनूर’मधले ‘मधुबन में राधिका नाचे’ हे गाणे तुम्ही पन्नासदा पाहिले असल्याचे लिहिले आहे. त्यात चाल नौशाद यांची, गळा रफींचा आणि सतार उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांची. दिलीपकुमारांची म्हणावीत अशी फक्त बोटे. पण ती बोटे तारेवर चुकीच्या जागी पडू नयेत म्हणून या माणसाने महिनोन्‌महिने सतार शिकली. वाजणारी सतार आपली नाही हे ठाऊक असताना, प्रेक्षागृहात शंभरात एखाद्यालाच कळेल अशा गोष्टीसाठी त्यांनी ती मेहनत घेतली. ‘गंगा जमुना’तल्या मृत्यूच्या प्रसंगाआधी ते दम लागेपर्यंत स्टुडिओभोवती धावले, आणि मग कॅमेऱ्यासमोर येऊन कोसळले. तुम्हाला त्या प्रसंगात ऐकू येतो तो श्वास खरोखर फुललेला आहे. तुम्ही तिकिटाला पैसे मोजलेत ते यासाठी, आणि तो माल त्यांनी चोख दिला. चारित्र्याची हमी तिकिटाच्या मागे छापलेली नव्हती.

त्या हमीचे वकीलपत्र तुम्ही आपणहून घेतलेत. त्यांनी ते दिलेले नव्हते, त्यांना तुमचे नावही माहीत नव्हते, आणि 1982 च्या त्या दिवाळीत नाशिकच्या एका घरात कुणी त्यांच्या बाजूने भांडले हे त्यांना कधी कळलेही नाही. म्हणून त्या भांडणाची किंमत पुस्तकाकडून वसूल करता येणार नाही. कुणी म्हणेल की, एवढ्याशा गोष्टीवरून भाऊ कसे तुटतात. मी तसे म्हणणार नाही, कारण त्या वयात आपली आवड म्हणजेच आपण असतो, आणि थोरल्या भावाने तिला हात घातला की तो आपल्याच मुस्काटात मारतो आहे असे वाटते. दादांनी तो विषय साधेपणाने काढला होता की तुम्हाला डिवचायला, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण ताटावर बसून काढला यावरून थोडी खोडी असावी असा माझा तर्क आहे.

पुस्तक पुढे वाचावे का, तर माझ्या मते वाचावे, पण जिथे थांबलात तिथून लगेच नको. आधी थोडे मागे जा. तुम्ही नाशिककर असून पत्रात देवळालीचा उल्लेखही नाही याचे मला नवल वाटले. पेशावरच्या फळव्यापाऱ्याचा हा मुलगा देवळालीच्या बार्न्स शाळेत शिकला, वडिलांशी खटका उडाल्यावर खिशात चाळीस रुपये घेऊन पुण्याला निघून गेला आणि तिथे लष्करी कॅन्टीनमध्ये सँडविच विकू लागला. स्वातंत्र्याच्या बाजूने बोलल्याबद्दल त्याला एक रात्र येरवड्याच्या तुरुंगात काढावी लागली. पुढे ओळखीच्या डॉ. मसानींची चर्चगेट स्टेशनवर गाठ पडणे, बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेत तिच्या मालकीणबाई देविकाराणींनी महिना साडेबाराशे रुपयांवर ठेवून घेणे, आणि घरी हे लपवून ठेवणे, कारण वडिलांना नाटक-सिनेमाची माणसे म्हणजे नौटंकीवाली वाटत. ही पाने दोन-तीन परिच्छेदांत उरकलेली नाहीत. तिथे सांगणारा रमला आहे, आणि जिथे सांगणारा रमतो तिथे पुस्तक खरे असण्याची शक्यता सर्वांत जास्त, असा माझा बरीच आत्मचरित्रे वाचून झालेला ग्रह आहे. तो चुकतही असेल.

आपल्या कमजोरीची कबुलीही त्यांनी इतरत्र दिली आहे. एकामागून एक शोकांतिका केल्याने मनावर इतका परिणाम झाला की डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागला आणि हलक्याफुलक्या भूमिका स्वीकाराव्या लागल्या, हे ते आडपडदा न ठेवता सांगतात. तुम्ही ज्या ‘आझाद’ची जाहिरात वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे, तो 1955 चा चित्रपट त्याच सल्ल्यातून आला. ‘मुघल-ए-आझम’मधला पिसाचा तो नाजूक प्रसंग चित्रित होत असताना मधुबाला आणि ते एकमेकांशी साधे बोलतही नव्हते, हेही तुम्ही वाचले असेलच. पुस्तकाचा तो भाग वाचून झाला की त्याच संध्याकाळी तो चित्रपट लावून पाहा. एक प्रकरण आणि मग त्यातला एक चित्रपट, अशा गतीने वाचणे ज्याला ज्याला आपल्या आवडत्या कलावंताच्या आत्मचरित्राने बेचैन केले आहे त्याला मी सुचवते; गायकांच्या बाबतीत तर ते आणखी सोपे जाते. शेवटच्या भागात मात्र सहकाऱ्यांनी आणि आप्तांनी लिहिलेल्या आठवणी आहेत. त्या सत्कार समारंभातल्या भाषणांसारख्या वाचाव्यात, म्हणजे एखादा चांगला किस्सा पदरात पडतो आणि बाकीच्या स्तुतीचा त्रास होत नाही.

वही रद्दीत घालू नका. तिच्यात दिलीपकुमार कमी आणि तुम्ही जास्त आहात. कोणत्या वर्षी कोणते मासिक घरी येत होते, कोणत्या कात्रणाच्या मागे कांद्याचे भाव आहेत, कोणत्या पानावर खळ जास्त होऊन कागद फुगला आहे, हे सगळे तुमच्या घराचे दप्तर आहे. 1982 च्या सुमाराची पाने तेवढी एकदा उघडून पाहा. त्या लग्नाच्या बातमीचे कात्रण तुम्ही चिकटवले होते का, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. नसेल, तर काय निवडून ठेवायचे आणि काय वगळायचे याचा निर्णय तुम्हीही सव्विसाव्या वर्षी घेतला होता, आणि तुमच्यावर तर कुठलेच दडपण नव्हते. आता जागेचीच अडचण असेल, मुले ट्रंक काढा म्हणत असतील, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे जुनी चित्रपटविषयक कागदपत्रे जतन होतात, तिथे विचारून पाहता येईल. पण मनातल्या रागासाठी वहीवर सूड उगवू नका.

आणि आता दादा. तुमच्या पाच पानांत दादांना मिळालेल्या ओळी मी मोजल्या. त्या सात आहेत. ‘भांडण झाले, पुढे मिटले, आता बोलणे आहे,’ असा त्यांचा मजकूर. चाळीसहून अधिक वर्षांच्या दुराव्याला तुम्ही सात ओळींत बसवले आहे, आणि ज्याच्यावर रागावलात त्यानेही त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग तसाच बसवला होता. अवघड गोष्ट आपण सगळे अशीच सांगतो, हे तुमच्या पत्राने मला जितके नीट दाखवले तितके त्या पुस्तकानेही नाही.

दादांचा निरोप मी दोनदा वाचला. गुडघ्याने घरात डांबलेल्या 74 वर्षांच्या माणसाला वाचायला दुसरे पुस्तक मिळाले नसते, असे नाही. त्यांनी हेच मागितले, तुमच्याकडूनच मागितले, आणि ‘मी तेव्हाच सांगितले होते’ हे वाक्य त्यात घातले नाही. कदाचित प्रत्यक्ष भेटीत घालतील, तेवढा हक्क त्यांना द्यावा. त्यांनी तो वापरला तर तुम्ही पुन्हा दिलीपकुमारांची बाजू मांडायला बसू नका, आणि दिलीपकुमारांना शिव्याही घालू नका. कारण दोन्हींपैकी काहीही केले तरी तुम्हा दोघांच्या मध्ये तेच बसून राहतील. ‘तू खरे बोलत होतास आणि मी सर्वांसमोर तुला खोटे पाडले,’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ते तोंडून निघणार नाही असे वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून त्या लग्नाच्या मजकुराच्या पानात ठेवा. आपल्याकडे भावाभावांत माफी मागण्याची रीत नाही, पण चिठ्ठी ठेवायला कुणाची हरकत नसते. पुढच्या गप्पांसाठी येरवड्याचे पान काढा, कारण पुणेकराला येरवड्यावर बोलायला आवडते.

पुस्तक कुरिअरने पाठवू नका. नाशिक रोडहून पुण्याला जायला बसने पाच-सहा तास लागतात, सकाळची गाठलीत तर दुपारच्या चहाला दादांकडे पोहोचाल. जाताना वहीही न्या. ती जड आहे, तेव्हा पिशवी नायलॉनची घ्या, कापडी तिच्या वजनाने फाटेल. आणि शेवटचे न वाचलेले भाग वाचायचे राहू द्या. ते दादांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून, आलटून पालटून मोठ्याने वाचता येतील.